वीक लिंक सारखी तुटून राहिली? धागा जाड करायच्या आधी हे तपासा

मागच्या डिसेंबरातली एक सकाळ. हँग ग्लायडर, म्हणजे ज्याच्या खाली आडवं लटकून अंग सरकवून वळवायचं तो, दोरीनं ओढून वर उडवणं म्हणजे टो; आणि वीक लिंक म्हणजे त्या ओढायच्या दोरीत मुद्दाम बांधलेला, ठरलेल्या ताणाला तुटावा असा धागा. सहा टो केले, त्यातल्या चारात वीक लिंक तुटली. चारही वेळा दहा ते वीस मीटरच्या मधात, म्हणजे जिथं तुटायला नको नेमकं तिथंच, ग्लायडर नाक वर करून चढत असतो, दोरी सुटते, आणि खाली उभे असलेले सगळे एकदम गप्प होतात. त्याच्या आदल्या रविवारी दोनदा तुटली होती, त्याच्याही आधी एकदा. तुटली की नवी बांधायची आणि परत उडायचं, असं चाललं होतं आमचं, आणि वीक लिंकचं तर कामच तुटायचं आहे भाऊ, असं म्हणून विषय सोडून देत होतो. सहाव्या टोला आमच्यातल्या एकानं वैतागून धागा डबल केला. "आता पाहू कशी तुटते तं."

नाही तुटली. त्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी आमचा सेटअप सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

उमरेड रोडकडं ओळखीच्या एका काकांचं वावर आहे, पऱ्हाटी निघाली की दोन-तीन महिने मोकळं असतं. (विमानतळ सोनेगावला, हवाई दलाचं मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय पण नागपुरातच, तेव्हा परवानगी आणि हवाई हद्दीचं आधी नीट पाहून घ्या, दहा मीटर उडा की शंभर.) एका टोकाला जुनी गिअरलेस स्कूटर, स्टँडवर, मागचा टायर काढून रिमवर ड्रम बसवलेला, त्यावर दोन मिलीमीटरची डायनिमा दोरी (बारीक पण फार मजबूत प्लास्टिकच्या तंतूची). हाच आमचा विंच. चारशे मीटरवर धुऱ्याजवळ एक पुली जमिनीत ठोकलेली. दोरी स्कूटरपासून निघते, पुलीला वळसा घालून परत पायलटकडं येते, म्हणजे विंचवाला आणि पायलट एकमेकांच्या शेजारीच असतात आणि विंचवाल्याला पायलटचा चेहरा दिसतो. शिकणाऱ्याला पाच-दहा मीटरवर पाच-सहा सेकंद उडवायचं असेल तर याच्याइतकी स्वस्त सोय नाही, आपल्याकडं सपाटीवर टेकडी शोधत पेट्रोल जाळण्यापेक्षा तर नक्कीच. आणि टो म्हणजे काही जुगाड वगैरे समजू नका, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्राफ्टनला जॉन डिकेन्सननं बनवलेला जो ग्लायडर उडाला तो स्पीडबोटीच्या मागंच ओढला होता, नदीवर. डोंगरावरून पळत जाऊन उडणं त्याच्यानंतर सगळीकडं पसरलं.

तर डबल धागा. ग्लायडर पंधरा मीटरवर गेला, दोरीला एक झटका बसला, नेहमीचाच, ज्याला एरवी लिंक तुटली असती. या वेळी तो झटका ग्लायडरनं खाल्ला. उजवा पंख खाली गेला, नाक दोरीच्या रेषेतून उजवीकडं गेलं. पायलट डावीकडं सरकला, अंग पूर्ण बाहेर, पण पंख उठेना. यालाच लॉकआउट म्हणतात आणि यात पायलट नवखा का जुना याचा संबंध नाही. ग्लायडर दोरीच्या दिशेपासून एका मर्यादेपलीकडं वळला की दोरीचा ताणच त्याला अजून वळवतो, आणि जितका वळतो तितका ताण वाढतो. आपल्या वजनानं जेवढं सावरता येतं त्याच्या पुढं गोष्ट गेली की एकच इलाज उरतो, दोरी सोडणं. आणि त्याचा रिलीज, म्हणजे दोरी सोडायची कळ, होता छातीजवळ. हात बारवरून (पायलट ज्याला धरून ग्लायडर चालवतो तो दांडा) काढला तर जेवढं धरून ठेवलंय तेवढंही जातं, नाही काढला तर दोरी सुटत नाही. विंचवाल्यानं थ्रॉटल सोडला म्हणून वाचला. पंखाचं टोक आधी टेकलं, डाउनट्यूब (बारच्या बाजूची उभी नळी) मोडली, मनगट सुजलं. आठवडाभर भाकरी डाव्या हातानं खात होता.

मग मी घरी बसून डायरी काढली आणि आम्ही आतापर्यंत किती गोष्टी चुकीच्या धरून चाललो होतो ते पाहिलं.

पहिली चूक तर वीक लिंक कशासाठी असते तीच. आमच्या डोक्यात होतं की काही वाकडं झालं तर लिंक तुटेल आणि पायलट सुटेल. असं नसतं. लॉकआउट लिंकच्या ताकदीच्या निम्म्या ताणावर पण होतो, आणि लिंक तुटेपर्यंत थांबाल तर तोपर्यंत पंख उभा झालेला असतो. लिंक आहे ती ग्लायडरवर त्याच्या सोसण्याबाहेरचा ताण येऊ नये म्हणून, बस. पायलटला वाचवायचं काम रिलीजचं आणि विंचवाल्याच्या मनगटाचं. हे उलटं समजलं की माणूस दोन्हीकडून फसतो, लिंकवर भरोसा ठेवून रिलीजकडं दुर्लक्ष करतो, आणि लिंक तुटून राहिली की तिला शत्रू समजून जाड करतो.

दुसरी चूक, तुटलेला तुकडा आम्ही फेकत होतो. आता फेकत नाही. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) रिकाम्या पन्नीत टाकतो, वर मार्करनं तारीख आणि किती उंचीवर तुटली ते लिहितो. (पन्नी धुऊन घ्या.) तुकडा सगळं सांगतो हो. गाठीत तुटलाय म्हणजे गाठ वाईट बसली. जिथं रिंगवर घासतो तिथं तुटलाय आणि टोक एकसारखं कापल्यासारखं आहे म्हणजे रिंगेला किंवा रिलीजच्या पिनेला कुठंतरी धार आली आहे, कापसाचा बोळा फिरवून पाहा, तंतू जिथं अडकतो तिथं धार, कानस मारायची आणि बारीक पॉलिश पेपर. गाठीपासून दूर, मधात, लांब लांब तंतू निघून तुटलाय म्हणजे खरा ताण आला होता, आणि मग प्रश्न हा की ताण कुठून आला. पन्नीत जमलेल्या पहिल्या चार तुकड्यांपैकी तीन असेच मधात तुटलेले होते. चौथा गाठीत.

मग कुठं तुटते ते पाहायचं. पायलट पळायला लागतो न लागतो तोच तुटली तर दोरीत ढिलेपणा होता आणि विंचवाल्यानं एकदम थ्रॉटल पिळला, हे नव्या विंचवाल्याकडून होतंच. नेहमी एकाच माणसाच्या टोला तुटत असेल तर तो माणूस बार लवकर ढकलून चढायच्या घाईत असतो, त्याला सांगा की पहिले तीस मीटर काही चढायची शर्यत नाही. आणि माणूस कोणीही असो, उंची तीच, तर दोष विंचमध्ये किंवा दोरीत. आमचं तिसरं होतं. दोरीवर दर पन्नास मीटरला मार्करनं पट्टा मारला आणि एकानं फक्त ड्रमकडं पाहत बसायचं, ग्लायडरकडं पाहायचंच नाही, हे फार कठीण असतं, मान आपोआप वर जाते. तिसऱ्या टोला सापडलं.

आमचा ड्रम रुंद होता. वेल्डिंगवाल्या दादांनी मोठ्या मनानं चांगला एक वीतभर रुंद करून दिला होता, दोरी भरपूर बसेल म्हणून. होतं काय की दोरी येते एकाच कोनातून, त्यामुळं वेढे मधात एकावर एक चढून ढिगारा होतो, आणि ढिगारा उंच झाला की धपकन बाजूला कोसळतो. कोसळला की दोरी क्षणभर सैल पडते, ड्रम फिरतच असतो, आणि पुढच्या क्षणाला सगळा ढिलेपणा एकदम संपतो, खाडकन. हा तो झटका. साधारण तेवढीच दोरी गुंडाळली गेली की ढिगारा कोसळायचा, म्हणून साधारण तीच उंची. ज्यानं लहानपणी चक्री धरली आहे त्याला हे सांगायची गरज नाही खरं तर, मांजा एकाच जागी गुंडाळला की काय होतं ते संक्रांतीला गच्चीवर प्रत्येकानं पाहिलंय. आम्ही सहा जण, सगळे नागपूरचे, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही.

इलाज साधा. दोन्ही बाजूंच्या प्लेटा जवळ आणल्या, ड्रम अरुंद आणि खोल केला, आता वेढे कोसळायला जागाच नाही. एक लक्षात ठेवा, खोल ड्रममध्ये दोरी भरत गेली की व्यास वाढतो, म्हणजे त्याच आरपीएमला दोरी जास्त वेगानं येते, त्यामुळं टो पुढं जाईल तसा विंचवाल्यानं थ्रॉटल थोडा थोडा कमी करत आणायचा. याची सवय व्हायला आम्हाला दोन रविवार लागले.

ड्रम सुधारल्यावर प्रकरण ऐंशी टक्के मिटलं. उरलेलं वीस टक्के जास्त डोकेखाऊ निघालं.

एक म्हणजे स्कूटरचा क्लच. गिअरलेस स्कूटरमध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिनचा वेग वाढला की त्याचे शूज बाहेर फेकले जाऊन बेलला (भोवतीच्या वाटीला) पकडतात. रस्त्यावर आपण एकदा पकड आली की चालत राहतो, पण टोमध्ये दर वेळी शून्यापासून, जोराखाली, सावकाश उचलायचं असतं, म्हणजे शूज घसरत घसरत पकडतात आणि तापतात. तापून त्यांच्यावर काचेसारखा थर येतो, मग आधी घसरतात आणि नंतर एकदम धरतात. शूज काढून खरखरीत पॉलिश पेपरनं घासले, आतली काळी भुकटी झटकली, स्प्रिंगा बदलल्या, तेव्हापासून सुरुवात मऊ झाली. थ्रॉटल केबलचा ढिलेपणाही काढा, पहिले दोन बोटं काहीच होत नाही आणि मग एकदम होतं असं नको.

दुसरं म्हणजे दोरीतल्या गाठी. आमची दोरी तीन ठिकाणी तुटून बांधलेली होती. डायनिमा गुळगुळीत असतो, त्यात साधी गाठ सरकते, म्हणून आम्ही गाठीवर गाठ मारून चांगला बोराएवढा गोळा केला होता, आणि तो गोळा पुलीतून जाताना दर वेळी ठक. कधी कधी पुलीच्या बाजूच्या पत्र्याला अडायचा. पोकळ विणीच्या दोरीला गाठ मारायचीच नाही, एक टोक दुसऱ्याच्या पोटात घालून स्प्लाइस करायचा, एक वीतभर नको, चांगला हात-दीड हात आत जाऊ द्यायचा आणि टोक निमुळतं करायचं. शिकायला एक संध्याकाळ लागते, विणकामाची मोठी सुई घ्या. आणि डायनिमा घासला की तापतो आणि दीडशे अंशाच्या आसपास तो वितळतो, म्हणून फिरणारी दोरी थांबलेल्या दोरीला किंवा न फिरणाऱ्या पुलीला घासून द्यायची नाही. पुलीचं बेअरिंग काळ्या मातीच्या धुळीनं बसतं, बसलं की दोरी पुलीवर फिरत नाही, घसटते. दर सकाळी बोटानं फिरवून पाहायचं, दहा सेकंदाचं काम.

तिसरं संक्रांतीचं. जानेवारीत एक टो अर्ध्यात एकदम जड झाला, विंचवाल्यानं थांबवला, जाऊन पाहतो तं पुलीत नायलॉन मांजाचा गुंता. कोणाचा तरी कटून आलेला. नायलॉन मांजावर बंदी आहे, हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर घातली, पण वावरात येऊन पडतो तो पडतोच. आता संक्रांतीच्या आजूबाजूचे दोन आठवडे आम्ही उडतच नाही. मांजा गळ्याला दुचाकीवर काय करतो ते आपण पाहिलंय, ग्लायडरखाली आडव्या लटकलेल्या माणसाला काय करेल याचा विचारही नको. आणि हो, एका हुशारानं जुनी शुक्रवारीतून मांजा आणून वीक लिंक करायचं सुचवलं होतं, "मजबूत असते न बाप्पा". मजबूतच तर नको आहे. शिवाय नायलॉन ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते आणि तो ताणला जातो, म्हणजे सकाळच्या दवात वेगळा आणि दहाच्या उन्हात वेगळा. पॉलिस्टरचा, विणलेला धागा घ्या, त्याला पाण्यानं फरक पडत नाही.

आता धाग्याचं गणित, कारण इथं लोकं हमखास गंडतात. अमेरिकेत डॉनेल ह्यूएट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी १९८० च्या दशकात टोइंगचे निकष मांडले, त्यातला एक असा की वीक लिंक साधारण एकूण वजनाएवढ्या ताणाला तुटावी, म्हणजे एक जी. (विमानामागं ग्लायडर ओढायच्या अमेरिकन नियमात ही मर्यादा कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांपासून दुपटीपर्यंत आहे, म्हणजे एक जी तिच्या खालच्या बाजूला बसतो.) समजा पायलट ७० किलो, ग्लायडर ३०, हार्नेस-हेल्मेट-पॅराशूट १२, एकूण ११२. मुख्य दोरीवर लिंक असेल तर तिनं ११० किलोच्या आसपास तुटायला पाहिजे. पण लिंक ब्रायडलच्या एका टोकाला असेल तर? ब्रायडल म्हणजे मुख्य दोरी आणि ग्लायडर-पायलट यांना जोडणारी व्हीच्या आकाराची दोरी, ताण तिच्या दोन पायांत वाटला जातो, प्रत्येकात निम्म्याहून थोडा जास्त. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर एका पायात ५८ टक्के, म्हणजे ११२ चे ६५ किलो. तिथं ११० किलोची लिंक बांधली तर मुख्य दोरीत १९० च्या वर जाईपर्यंत ती तुटणार नाही, आणि माणूस म्हणत राहतो मी तं एक जीचीच बांधली. आमच्या भाऊनं डबल केलेला धागा ब्रायडलवरच होता. हिशोब करून पाहा.

आणि रिळावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. धाग्याची लूप केली की दोन पदर, म्हणजे दुप्पट, पण गाठीनं त्यातलं बरंच खाल्लेलं असतं. तपासायला काही लॅब नाही लागत. झाडाची जाड फांदी किंवा छताचा हुक, खाली मजबूत पिशवी, त्यात पाण्याचे २० लिटरचे कॅन, एक कॅन म्हणजे २० किलो आणि कॅनचं थोडं. जवळ पोहोचलात की लोट्यानं पाणी ओतत जायचं. एकाच रिळाच्या दहा लिंक तोडून पाहा, त्याच गाठीनं, त्याच रिंगेवर. आकडे एकमेकांच्या जवळ आले तर रीळ आणि तुमची गाठ दोन्ही चांगल्या. एक लिंक ५५ ला आणि दुसरी ८० ला तुटत असेल तर गाठ शिकायची बाकी आहे. गाठ अशी फिरवून ठेवायची की ती रिंगेवर न येता बाजूला, कमी ताणात राहील. पाय दूर ठेवा, कॅन पडतो तेव्हा आवाज मोठा येतो आणि शेजारच्या काकू बाहेर येतात. आणि रीळ गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका, उन्हानं धागा मरतो आणि दिसत नाही.

लिंक पातळ करून पण भागत नाही हे पण सांगून ठेवतो, कारण एक पंथ तसाही आहे, जितकी नाजूक तितकी सुरक्षित म्हणणारा. दहा मीटरवर नाक वर असताना लिंक सटकन तुटणं हे स्वतःच एक संकट आहे. तुटली की पहिलं काम बार पोटाकडं ओढणं, लगेच, विचार न करता, वेग परत येईपर्यंत धरून ठेवणं, आणि सरळ समोर उतरणं. मागं वळून सुरुवातीच्या जागेकडं यायचा मोह होतो, वळायचं नाही, पुढं वावर मोकळं ठेवलंय ते त्याच्यासाठीच. हे आम्ही आता जमिनीवर सरावासारखं करतो, पायलट हार्नेसमध्ये लटकलेला, कोणीतरी मागून "तुटली" ओरडतं आणि त्यानं बार ओढायचा. पोरखेळ वाटतो, पण हाताला सवय लागते.

आता रिलीज. त्या दिवसानंतर मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवला. आमच्याकडं दोन प्रकारचे होते. एक बॅरल रिलीज, नळी मागं सरकवली की पिन मोकळी होते. दुसरा शॅकलचा (उघडणारी कडी), त्याला सायकलच्या ब्रेकची केबल आणि लिव्हर. दोन्ही आम्ही उडायच्या आधी तपासायचो, पण कसे? हातात धरून, बिनताणाचे. खट, उघडला, ओके. हे तपासणंच नाही. ताणाखाली उघडतो का ते पाहायचं, म्हणजे तीच फांदी, तेच पाण्याचे कॅन, १०० किलो लटकवून रिलीज ओढायचा. आमचा बॅरल ८० किलोवर जाम झाला, दोन हात लावून पण निघेना, कारण आतली सरळ पिन हलकीशी वाकली होती आणि नळीत काळ्या मातीचा लेप बसला होता. पिन बदलली. उलटं पण तपासा, अजिबात ताण नसताना सुटतो का, कारण कधी कधी दोरी सैल असतानाच सोडायची वेळ येते आणि मग लूप पिनेवर नुसतीच बसून राहते. शॅकलच्या केबलचा दोष पावसाळ्यानंतर निघतो, आतली तार गंजते, लिव्हर दाबला जातो पण शॅकलपर्यंत ओढ पोहोचत नाही. दिवाळीनंतर सीझन उघडताना केबल नवीच टाका. सायकलच्या दुकानात मिळते, एका प्लेट तर्री पोह्याच्या आसपास खर्च.

अजून एक, ब्रायडलचं टोक. वरचा रिलीज उघडला की ब्रायडलचं टोक रिंगेतून सटकन निघून जायला पाहिजे. ते टोक जाड असेल, गाठीचं असेल किंवा मऊ लोळणारं असेल तर जाता जाता रिंगेभोवती गुंडाळलं जाऊन अडकतं, आणि पायलटला वाटतं सुटलो. म्हणून दुसरा रिलीज खाली छातीशी, आणि त्या टोकालाही स्वतःची वीक लिंक. एकच लिंक एकाच टोकाला बांधून बाकी टोक मोकळं ठेवणारे भेटतात, त्यांना हे दाखवा.

आणि जागा. मुख्य रिलीज असा पाहिजे की दोन्ही हात बारवर ठेवून उघडता आला पाहिजे. आम्ही लिव्हर बेसबारवरच (हातात धरायच्या आडव्या नळीवर) आणला, अंगठ्याखाली. याला विरोध करणारे म्हणतात की चुकून दाबला जाईल. दोनदा दाबला गेला पण, दोन्ही वेळा पायलट सरळ उतरला आणि शिव्या खाल्ल्या. उलटं झालं तेव्हा डाउनट्यूब मोडली होती.

बोलण्याचा भाग तुम्हाला किरकोळ वाटेल. आमच्याकडं "सोड" हा शब्द तीन कामांना वापरला जायचा. पंख धरणाऱ्याला सोड म्हणजे पंख सोड. विंचवाल्याला सोड म्हणजे थ्रॉटल सोड. पायलटला सोड म्हणजे दोरी सोड. वॉकीटॉकीवर कोणी "सोड सोड" ओरडलं की तिघंही काहीतरी सोडायचे. त्या डिसेंबरात पण ओरडलो होतो आम्ही, आणि पायलट नंतर म्हणाला, मले वाटलं विंचवाल्याले सांगून राहिले. आता तीनच शब्द आहेत. "ताण" म्हणजे ढिलेपणा हळू काढ. "चल" म्हणजे ओढ. "थांब थांब थांब" म्हणजे थ्रॉटल शून्य, आणि हे कोणीही ओरडू शकतं, चहावाला पोरगा असला तरी. "सोड" हा शब्द वावरात बंद. दुसरा नियम, विंचवर बसणाऱ्याच्या तोंडात खर्रा नको. हसू नका, तोंड भरलेला माणूस वेळेवर थांब म्हणू शकत नाही, आधी थुंकतो.

विंचवाल्याच्या हाताशी दोरी कापायचं काहीतरी पाहिजेच, ड्रम जाम झाला आणि थ्रॉटल अडकला तर तेवढंच उरतं. आम्ही आधी भाजी कापायची सुरी ठेवली होती. डायनिमावर ती नुसती घसरते. आकडीचा, आत धार असलेला कटर घ्या, पायलटच्या हार्नेसवर एक आणि विंचला एक, आणि ताणलेल्या तुकड्यावर कापून पाहा, कारण सैल दोरी चांगल्या कटरला पण दाद देत नाही.

पुलीचा खुंटा. दोरी पुलीत पूर्ण उलटी वळते म्हणून खुंट्यावर दोरीच्या ताणाच्या दुप्पट जोर येतो, दोरीत ८० किलो तर खुंट्यावर १६०. काळी माती नोव्हेंबरात ओली असते आणि खुंटा लोण्यातून निघाल्यासारखा निघतो, मार्चमध्ये भेगा पडतात आणि भेगेच्या बाजूला ठोकला तर ढेकळासकट येतो. दोन लोखंडी पहारी ठोका, दोरीच्या विरुद्ध दिशेला तिरप्या, एकमेकांना बांधलेल्या. पऱ्हाटीचे सड कापून घ्या नाहीतर दोरी त्यांच्यावर घासून केसाळ होते. आणि दोरी सुटल्यावर वाऱ्यानं कुठं पडेल ते आधीच पाहा, वावराच्या कडेनं विजेची लाईन जात असेल तर ती जागा टोसाठी बाद. दोरी तारेवर पडलीच तर हात लावायचा नाही, ओढायची नाही, स्कूटरपासून पण दूर व्हायचं आणि वीजवाल्यांना फोन.

उन्हाळ्याबद्दल एक. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, कागदावर काहीच नाही. पण ४२ अंश तापमानाला हवा इतकी विरळ होते की ग्लायडरला जणू १३०० मीटरच्या वर उभे आहोत असं वाटतं. म्हणजे उडायला जमिनीवरचा वेग हिवाळ्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त लागतो, तेवढंच पळणं जास्त, उतरताना पण, आणि स्कूटरचं इंजिन मात्र त्याच विरळ हवेत कमी ओढतं. इथं २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता, अशा दिवसात टो काय, घराबाहेर निघू नये. दहाच्या नंतर वावटळी सुरू होतात, टोवर असताना एक वावटळ आली की वर सांगितलेलं सगळं एकाच वेळी घडतं. आम्ही मार्चपासून नऊला दुकान बंद करतो.

तेवढ्यातही सहाव्या-सातव्या टोला क्लच परत झटके द्यायला लागतो, त्याचा इलाज आमच्याकडं अजून एकच आहे, कव्हर उघडून पंधरा मिनिटं सावलीत थंड होऊ देणं. परवा घाई करून दहाच मिनिटं दिली, पहिल्याच टोला लिंक गेली, तीन मीटरवर. पन्नीत ठेवली आहे.